पालवणकर बाळू

क्रिकेटचा चेंडू दिसावयास अगदी साधा असतो. आत बूच व दोरा, वर तांबडे कातडे आणि मधोमध फिरलेली जाड शिवण, एवढीच त्याची रचना. वजन साडेपाच ते पावणेसहा औंस, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम. गोलंदाजाने तो २२ यार्ड लांबीच्या खेळपट्टीच्या एका टोकाकडून टाकावयाचा आणि दुसऱ्या टोकास उभ्या असलेल्या फलंदाजाने तो अडवावयाचा किंवा टोलवावयाचा. परंतु या लहानशा वस्तूच्या अंगी किती खोड्या दडलेल्या असतात, हे जाणत्या गोलंदाजाच्या हाती ती पडल्यावाचून कळत नाही. एकच चेंडू कधी सरळ जातो, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळतो, कधी हवेत रेंगाळतो आणि कधी फलंदाज सावध होण्यापूर्वीच यष्टीवर आदळतो. भारतात ज्या पहिल्या थोर गोलंदाजांनी या विद्येत प्रावीण्य मिळविले, त्यांत पालवणकर बाळू यांचे स्थान फार वरचे आहे. चेंडूला कसे वागवावे, हे त्यांना पूर्णपणे साधले होते. त्या काळच्या समाजाने मात्र त्यांना कसे वागविले, ही कथा चटका लावणारी आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील. कातड्याचे काम करणाऱ्या चांभार जातीत ते जन्मास आले. त्या काळी ही जात अस्पृश्य मानली जात असे. वडील लष्करात नोकरीस होते. या नोकरीमुळेच कुटुंबाचे वास्तव्य पुढे पुण्यास झाले. पुण्याच्या लष्कर भागात गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. चांगले साहित्य नाही, शिकविणारा नाही. होती ती केवळ आवड आणि पाहण्याची तीक्ष्ण दृष्टी.

शिक्षण फार काळ चालू ठेवणे घरच्या परिस्थितीत शक्य नव्हते. लहान वयातच बाळूंना कामास लागावे लागले. प्रथम त्यांनी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात काम धरले. मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे काम आणि दरमहा तीन रुपये हे त्याचे वेतन. अधूनमधून सभासदांना चेंडू टाकण्याची संधी मिळे. पुढे १८९२ साली ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला, कामही वाढले. खेळपट्टी तयार करावयाची, तीवर पांढऱ्या रेषा आखावयाच्या, सरावाच्या जाळ्या बांधावयाच्या, टेनिसची मैदाने आखून ठेवावयाची, अशी कामे सकाळपासून चालत.

या क्लबातील ट्रॉस नावाच्या एका सभासदाने बाळूंना प्रथम जाळीत चेंडू टाकावयास सांगितले. हा पोऱ्या साधा नव्हे, हे लवकरच सर्वांच्या ध्यानी आले. कॅप्टन बार्टन नावाचे एक डावखुरे गोलंदाज त्या वेळी क्लबात होते. त्यांची हात फिरविण्याची लकब मोठी सफाईदार होती. बाळूही डावखुरे. त्यांनी ती लकब दुरून निरखली आणि आपलीशी केली.

त्या काळी पुण्यात कॅप्टन ग्रेग हे अत्यंत कुशल फलंदाज म्हणून गाजत होते. ते क्लबात इतरांच्या आधी येत आणि बाळूंकडून आपल्याला चेंडू टाकवून घेत. बाळूंनी आपणांस बाद केले की दर वेळी ते आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. चार रुपयांत महिना काढणाऱ्या माणसाला आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. परंतु आठ आण्यांपेक्षाही मोठे असे काही या सरावातून बाळूंच्या हाती आले. एकाच प्रकारचा चेंडू वारंवार टाकून ग्रेगसारखा फलंदाज फसणे शक्य नव्हते. त्याला चकवावयाचे, तर दर वेळी काही नवे योजणे भाग होते. शेकडो तास बाळू या जाळीत चेंडू टाकीत राहिले. मात्र इतक्या वर्षांत पूना क्लबात त्यांना एकदाही फलंदाजी करावयास मिळाली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि बॅट फिरविणे हा साहेबाचा मान, अशी त्या मैदानावरची समजूत होती.

बाळूंच्या गोलंदाजीत कोणकोणते प्रकार होते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांचा मुख्य चेंडू म्हणजे फिरकी. चेंडू सोडताना बोटांनी शिवणीला पीळ दिला की तो हवेत स्वतःभोवती गरगर फिरत जातो. जमिनीवर टप्पा पडताच शिवण मातीला धरते आणि चेंडू आपली दिशा बदलतो. डावखुऱ्या गोलंदाजाने असा चेंडू टाकला, तर तो उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूस वळतो. फलंदाज सरळ बॅट घालतो. चेंडू बॅटची कड घेऊन जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो. फलंदाज पुढे सरसावला आणि चुकला, तर यष्टिरक्षक त्याला यष्टिचीत करतो.

परंतु प्रत्येक चेंडू बाहेरच वळणार, हे एकदा कळले की फलंदाजाची भीती उरत नाही. म्हणून बाळू मधूनच दुसरा चेंडू टाकीत. हात तसाच फिरे, पाऊल तसेच पडे. चेंडू मात्र बाहेर न वळता उलट आत येई. बाहेर जाणाऱ्या चेंडूची वाट पाहणाऱ्या फलंदाजाच्या बॅट व पाय यांच्या फटीतून तो नेमका यष्टीवर जाई. दोन्ही बाजूंना चेंडू वळविण्याचे हे कौशल्य फार थोड्या गोलंदाजांना साधते.

तिसरे साधन हवेतील उंची. चेंडू फलंदाजाच्या दृष्टीच्या रेषेहून वर चढविला, तर तो नेमका कोठे पडेल याचा अंदाज चुकतो. चेंडू आता आपल्या आवाक्यात येणार, असे वाटून फलंदाज पुढे येतो आणि चेंडू त्याच्या अपेक्षेपेक्षा अलीकडेच टप्पा घेतो. बाळूंचा चेंडू हवेतच किंचित बाकही घेत असे. चौथे साधन वेगातील बदल. हाताच्या हालचालीत काही फरक न दाखविता ते एखादा चेंडू सावकाश तर एखादा वेगाने सोडीत. आणि या सर्वांच्या मुळाशी होता तो टप्प्यावरील ताबा. टप्पा फार आखूड पडला तर फलंदाजाला मागे सरून टोला हाणण्यास वेळ मिळतो. फार पुढे पडला तर पुढे होऊन फटकावणे सोपे जाते. या दोहोंच्या मधली जी जागा, पुढे जावे की मागे राहावे हे फलंदाजाला जेथे ठरवता येत नाही, त्या जागेवर बाळू चेंडूमागून चेंडू टाकू शकत. त्या काळी खेळपट्टी पावसात झाकून ठेवीत नसत. भिजून सुकू लागलेल्या खेळपट्टीवर तर त्यांना खेळणे अतिशय कठीण होई.

या गुणांचा बोभाटा पुण्यात होण्यास वेळ लागला नाही. पुण्यातील हिंदू खेळाडूंचा एक संघ युरोपियनांशी सामने खेळत असे. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर त्यांच्यात मोठा वाद झाला. काही तेलुगू सभासद त्यांच्या बाजूचे होते, तर सनातनी वृत्तीच्या काही स्थानिक मंडळींना अस्पृश्याबरोबर खेळणे मान्य नव्हते. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवण्यात हिंदू संघाचाच मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी जाहीरपणे दिले. शेवटी बाळूंना घेण्याचे ठरले.

परंतु त्यांना संघात घेतले ते मैदानापुरतेच. खेळ चालू असता बाळूंच्या हातचा चेंडू सर्वजण हातात घेत. त्यास कोणाची हरकत नसे. चहाची सुट्टी झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना तो बाहेर, मातीच्या पेल्यात मिळे. तोंड धुवावयाचे झाल्यास अस्पृश्य मानलेला एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. जेवणाचे ताट वेगळे, जेवणाची जागा वेगळी. चेंडूवरचे कातडे कोणास विटाळत नव्हते. कातड्याचे काम करणाऱ्या जातीत जन्मलेला माणूस मात्र दूर बसे. बाळूंनी याविषयी मैदानावर तंटा केला नाही. सुट्टी संपली की ते चेंडू हाती घेत आणि पुन्हा आपल्या कामास लागत.

या संघाने सातारा येथील गोऱ्या लोकांच्या जिमखान्याशी एक सामना खेळला. बाळूंची कीर्ती तेथे आधीच पोहोचली होती. त्यांच्या चेंडूने वळू नये म्हणून तेथील लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती गुळगुळीत व कठीण करून ठेविली. खेळपट्टीवर रूळ फिरविण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापासून हा डाव लपणार कसा? अशा खेळपट्टीवरही बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ विजयी झाला. पुण्यास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हस्ते बाळूंना जाहीर समारंभात पुष्पहार घालण्यात आला. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत त्यांचा गौरव केला. ज्यांना चहाचा पेला वेगळा मिळत होता, त्यांच्या गळ्यात शहरातील थोर पुढाऱ्यांच्या हातून हार पडावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

एकोणिसावे शतक संपता संपता बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात प्रवेशही मिळाला. येथेही काहींनी विरोध केला. परंतु कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहापुढे तो टिकला नाही. मुंबईत तोपर्यंत युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामने प्रसिद्ध होते. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. या हिंदू संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधू होते. हिंदू संघाने हा सामना १०९ धावांनी जिंकला आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९०७ पासून हे सामने तिरंगी झाले आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी झाले. गणपत आणि विठ्ठल हे धाकटे बंधूही पुढे हिंदू संघातून खेळले. एकाच घरातील चार भावांनी असा लौकिक मिळविल्याची उदाहरणे विरळाच.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्यात हिंदू, पारशी, मुसलमान व शीख असे सर्व खेळाडू होते. बाळू तेव्हा पस्तिशीला आले होते. हवामान परके, सामने एकापाठोपाठ एक आणि त्यात खांदा दुखू लागलेला. संघाने २३ सामने खेळले; त्यांपैकी १५ गमावले आणि केवळ ६ जिंकले. परंतु या पराभवांच्या मालिकेतही बाळूंची गोलंदाजी निराळीच उठून दिसली. साऱ्या दौऱ्यात मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध एकाच डावात १०३ धावा देऊन त्यांनी ८ गडी बाद केले. लीस्टरशायर संघाविरुद्ध ११ बळी घेऊन त्यांनी संघाला विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्धचा सामना भारताने केवळ एक गडी राखून जिंकला, तो शिवरामच्या नाबाद शतकाच्या बळावर. इंग्लंडमध्ये त्या काळी विल्फ्रेड ऱ्होड्स हे डावखुरे गोलंदाज फार नावाजलेले होते. बाळूंना लोक भारताचे ऱ्होड्स म्हणू लागले.

मुंबईस परत आल्यावर दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजेच पुढे भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून विख्यात झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

इतकी कीर्ती मिळूनही एक मान बाळूंना नाकारला जात होता. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. अनुभवाने व योग्यतेने ते सर्वांत पुढे होते. त्यांना कर्णधार करावे, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. परंतु निवड करणारांचे मन जातीच्या कुंपणाबाहेर येईना. एम. डी. पै हे त्या वेळी कर्णधार असत. १९१३ साली झालेल्या आपल्या सत्कारात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, हा मान वास्तविक आपले मित्र बाळू यांना मिळावयास हवा होता. कारण तेच सर्वांत ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू आहेत. मान मिळालेल्या माणसानेच असे म्हणावे, हे त्यांच्या मनाच्या मोठेपणाचे लक्षण होय.

१९२० साली पै आजारी असल्यामुळे नवा कर्णधार निवडावयाचा होता. समितीने बाळूंना कर्णधार तर केले नाहीच, उलट संघातूनही वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि हा अन्याय आपण सोसणार नाही, असे जाहीर केले. आजवर मुकाट्याने चेंडू टाकीत आलेल्या घराण्याने प्रथमच उघड नकार दिला होता. लोकमताचे दडपण वाढले. अखेर बाळूंना सन्मानाने परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. अंतिम सामन्यात पै यांनी काही काळ मैदान सोडले आणि त्या वेळेपुरते तरी संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. पुढे १९२३ साली विठ्ठल यांची कर्णधारपदी निवड झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावासाठी जे दार उघडले नाही, ते त्याच्याच वाट पाहण्यामुळे धाकट्यासाठी उघडले.

बाळू प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळले. त्यांत त्यांनी १७९ बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे सरासरीने पंधराच्या आसपासच धावा दिल्या. जाळीत ज्यांच्या हाती कधी बॅट दिली गेली नव्हती, त्यांनी याच सामन्यांत ७५३ धावाही काढल्या. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला. बाळूंचे खेळण्याचे वय तेव्हा केव्हाच सरले होते. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव आढळत नाही.

खेळ सुटल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या सप्टेंबरात महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले. त्यातून जो पुणे करार झाला, त्यावर सह्या करणारांत बाळू होते. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले. दलितांच्या उन्नतीचे ध्येय दोघांचेही एकच. मार्ग मात्र भिन्न झाले होते. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. बाळूंचा पराभव झाला. तथापि मानपत्र लिहिणारा आणि मानपत्र घेणारा यांनी पुढे लोकशाहीच्या रीतीने मतदारांचा कौल घ्यावा, हीदेखील त्या काळी घडून आलेल्या मोठ्या पालटाची खूणच म्हटली पाहिजे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी देशात अमलात आला होता.

बाळूंच्या काळी मैदानावर धावा मोजल्या जात, बळी मोजले जात. माणसाची योग्यता मात्र पुष्कळदा त्याच्या जन्मावरून मोजली जाई. बाळूंनी या अन्यायाला आपल्या गुणांनी उत्तर दिले आणि वेळ येताच त्यांच्या भावांनी नकार देऊनही उत्तर दिले. यांतील कोणतेही एक उत्तर पुरेसे झाले नसते. फलंदाज चकला नाही, तर गोलंदाज निराश होत नाही. तो टप्पा बदलतो, वेग बदलतो, वळण बदलतो आणि पुन्हा धाव घेतो. आठ आणे बक्षिसाच्या त्या जाळीत बाळू हीच गोष्ट शिकले होते, आणि जन्मभर ते तसेच वागले.